हवेतल्या चार फ्रेम: वायरलेस सुरक्षेच्या परीक्षेची तयारी

(दृश्य: टेबलावर लॅपटॉप, यूएसबी वाय-फाय अडॅप्टर, जुना राउटर, एक फोन.)

सीडब्ल्यूएनए आणि सीडब्ल्यूएसपी. सीडब्ल्यूएनपी या संस्थेच्या या दोन परीक्षा. पहिली वायरलेस नेटवर्किंगच्या पायाची, दुसरी सुरक्षेची. 60 प्रश्न, 90 मिनिटं, उत्तीर्ण व्हायला 70 टक्के. प्रश्न कुठल्या एका कंपनीच्या उपकरणांवर बेतलेले नसतात, त्यामुळे मेनू पाठ करून भागत नाही. हवेत काय चाललंय ते कळावं लागतं.

आधी हिशेब. डीबीएम हे रेडिओच्या शक्तीचं एकक; 0 डीबीएम म्हणजे 1 मिलिवॅट. 3 डीबी वाढले की शक्ती दुप्पट, 10 वाढले की दहापट. रेडिओ 50 मिलिवॅटचा, म्हणजे 17 डीबीएम. केबल-कनेक्टरमध्ये 3 डीबी गेले, उरले 14. पुढे 10 डीबीआयचा, म्हणजे 10 डीबी वाढ देणारा अँटेना, म्हणजे 24 डीबीएम, 250 मिलिवॅट. 'ईआयआरपी', म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती, विचारलं तर उत्तर 24. 'इंटेन्शनल रेडिएटर', म्हणजे अँटेनापर्यंत पोचणारी शक्ती, विचारलं तर 14. घाईत वाचणारा इथेच गुण घालवतो. अँटेना डीबीआयऐवजी डीबीडी या एककात दिला असेल, तर आधी 2.14 मिळवायचे.

(दृश्य: हवेतले संदेश दाखवणाऱ्या वायरशार्क प्रोग्रॅमच्या पडद्यावर ईएपीओएलच्या, म्हणजे किल्ली ठरवणाऱ्या संदेशांच्या, चार ओळी.)

सुरक्षेचा गाभा मात्र या चार ओळींत आहे: फोर-वे हँडशेक, म्हणजे जोडणी होताना ॲक्सेस पॉइंट (घरात राउटर) आणि फोन यांच्यात जाणारे चार संदेश, चार फ्रेम. पहिल्या फ्रेममध्ये ॲक्सेस पॉइंट आपला यादृच्छिक आकडा, एनॉन्स, पाठवतो. फोन त्यात स्वतःचा एसनॉन्स, दोघांचे मॅक पत्ते आणि मास्टर की मिसळून सत्राची किल्ली बनवतो. दुसऱ्या फ्रेममध्ये एसनॉन्स जातो, सोबत एमआयसी हा पडताळणीचा शिक्का. तिसऱ्यातून सगळ्यांसाठीची ग्रुप की येते, तीही कूटबद्ध. चौथी नुसती पोच.

पासवर्ड हवेत कधीच जात नाही. तरी डब्ल्यूपीए2 पर्सनलमध्ये, म्हणजे सगळ्यांना एकच पासवर्ड असलेल्या घरगुती सुरक्षेत, पहिल्या दोन फ्रेम ज्याच्या हाती लागल्या, तो घरी बसून एकेक पासवर्ड लावून एमआयसी जुळतो का ते बघू शकतो. मास्टर की पासवर्ड आणि नेटवर्कच्या नावावरून 4096 फेऱ्यांनी बनते; प्रत्येक अंदाज त्यामुळे महाग पडतो, पण आठ अक्षरी सोपा पासवर्ड त्यानेही वाचत नाही. डब्ल्यूपीए3 या पुढच्या पिढीतली एसएई ही पद्धत हीच वाट बंद करते: प्रत्येक अंदाजासाठी समोरच्याशी नव्याने बोलावं लागतं. आणि पोच हरवली म्हणून तिसरी फ्रेम पुन्हा आली तर? 2017 मध्ये उघड झालेला 'क्रॅक' हल्ला नेमका यावरच होता. फोन तीच किल्ली पुन्हा बसवायचा आणि पॅकेटच्या नॉन्सची (क्रमांकाची) मोजणी पहिल्यापासून सुरू व्हायची.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा पकडून बघावं. जुन्या राउटरवर डब्ल्यूपीए2 चं वेगळं नेटवर्क, चॅनल 6 वर पक्कं. अडॅप्टर मॉनिटर मोडमध्ये (हवेतलं सगळं ऐकण्याच्या स्थितीत), त्याच चॅनलवर. मग फोनचं वाय-फाय बंद करून चालू करायचं. फोनला जबरदस्तीने तोडणाऱ्या डीऑथ हल्ल्याची काही गरज नाही. नेटवर्क स्वतःचंच हवं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली येतं.

काहीच दिसलं नाही, तर बहुधा अडॅप्टर चॅनल बदलत फिरतोय. व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपमधलं कार्ड वाय-फाय म्हणून दिसत नाही. तिथे यूएसबीचाच लागतो. फक्त पहिली आणि तिसरी फ्रेम आली, तर राउटर ऐकू येतोय, फोन नाही. अडॅप्टर फोनजवळ सरकवा. चारही आल्या पण पुढचा डेटा गायब, तर जुन्या अडॅप्टरला नव्या मानकाचे वेग झेपत नाहीत.

एंटरप्राइझ पद्धतीत, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असलेल्या 802.1एक्समध्ये, ॲक्सेस पॉइंट फक्त मध्यस्थ. निर्णय ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरचा, पोर्ट 1812 वर. इथला नेहमीचा घोळ दोन ठिकाणी. शेअर्ड सीक्रेट (ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द) दोन्हीकडे वेगळं असतं, किंवा पीईएपी या लॉगिनच्या पद्धतीत फोन सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतच नाही. दुसऱ्या चुकीने नेटवर्क व्यवस्थित चालतं, म्हणून ती जास्त वाईट. त्याच नावाचा बनावट ॲक्सेस पॉइंट कुणीही उभा करू शकतो.

सीडब्ल्यूएसपीचं प्रमाणपत्र मिळायला सीडब्ल्यूएनए वैध असावं लागतं, आणि ते तीन वर्षं चालतं. मुदत संपायच्या आत सुरक्षेची परीक्षा पार केली, की पहिल्याचंही नूतनीकरण होतं.