काजूच्या टेबलावरची मालकीण

(दृश्य : सिमेंटचं खळं, वाळत घातलेली काजू बी)

मार्च उलटत आलाय. वेंगुर्ले तालुक्यातल्या या खळ्यावर काजू बी वाळत पडली आहे. लाकडी फावड्याने ती परतणाऱ्या दोघी कामगार आहेत. तिसरी, जी मूठभर बी उचलून कानाशी खुळखुळवून बघते आहे, ती कारखान्याची मालकीण. गावात तिला काकी म्हणतात. कामगारही काकी म्हणतात, आणि आता बँकेतले साहेबही.

यशस्वी उद्योजक पहाटे चारला उठतात असं व्यासपीठावरून नेहमी ऐकू येतं. काकी सहाला उठतात. बॉयलर सातला पेटतो, त्याआधी उठून करायचं काय?

(दृश्य : अंगणातला काटा, गोणी, सुरी)

काजूच्या धंद्यात वर्षभराचा माल तीन-चार महिन्यांत घ्यावा लागतो. बी फेब्रुवारी ते मे एवढ्यात येते, गर मात्र दिवाळी, नाताळ, लग्नसराई असा वर्षभर थोडाथोडा विकला जातो. म्हणजे पैसा एकदम जातो आणि हळूहळू परत येतो. या काळात घाईने घेतलेली बी पुढे आठ महिने छळते. म्हणून खरेदीला काकी स्वतः बसतात.

आता हात बघा. नमुना गोणीच्या तोंडातून घेतला नाही. दंडापर्यंत हात आत घालून तळातली बी काढली. एक किलो तोलली, मोजली. बी टपोरी असेल तर मोजणी कमी भरते. मग एकेक बी कापायची. पोचट वेगळी, किडकी वेगळी, डाग पडलेली वेगळी. राहिलेला चांगला गर पुन्हा काट्यावर. हा उतारा. साधारण चार किलो बीतून किलोभर गर निघतो. त्याच्या थोडं वर की थोडं खाली, यावर सगळा धंदा चालतो.

काट्याचा आकडा कुठल्या बाजूला आहे तेही बघून ठेवा. तो विकणाऱ्याकडे आहे. काकी स्वतः वाकून, बाजूने वाचतात. किडकी बी दाखवायची ती शेतकऱ्याच्या हातात देऊन. त्यामुळे इथे भावावरून वाद होतात, वजनावरून होत नाहीत.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, सोळाव्या शतकात. वेंगुर्ल्यात 1957 साली फळ संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथून निघालेल्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींनी इथल्या बागा बदलल्या. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळालंय. एवढं सगळं इथे असूनही कितीतरी बी गोणीतच घाट चढते, आणि गर होऊन, पाकिटात बसून आपल्याच बाजारात परत येतो. काकींनी कारखाना काढला तो याच रागातून.

(दृश्य : बॉयलरची वाफ, कटिंगचं टेबल)

बी आधी वाफवायची, मग निववायची. टरफल जरा लवचिक झालं की कटिंग. पायाने पट्टी दाबायची, हाताने बी पात्यात धरायची. टरफल फुटतं, गर अख्खा राहायला हवा. टरफलातल्या चिकाने कातडी भाजते, म्हणून हाताला तेल चोळलेलं असतं. तरी हात काळे पडतात, सोलतात, आणि मजुरी या कामाच्या मानाने कमीच आहे.

कापलेला गर बोरम्यात जातो, म्हणजे गरम हवेच्या खोलीत. ओल चार-पाच टक्क्यांवर आली की आतली तांबूस साल सुटते.

(दृश्य : ग्रेडिंगचं टेबल, पांढरे गर, जवळून)

कारखान्यातली काकींची जागा ही. केबिन आहे, तिथे सध्या रिकामे डबे ठेवलेत. रोज सकाळी दीड-दोन तास त्या या टेबलावर, इतर बायांच्या रांगेत बसतात. 180, 240, 320 हे आकडे म्हणजे एका पाउंडात जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात ते. आकडा लहान, तेवढा गर मोठा आणि महाग. पण काकींची नजर अख्ख्या गरांपेक्षा तुकड्यांच्या टोपलीवर जास्त असते.

आज टोपली लवकर भरली. एखादा मालक कटिंगवाल्या बाईवर ओरडला असता. काकी उठल्या आणि आधी बॉयलरवाल्याकडे गेल्या. काल वाफ किती वेळ दिली? लाकूड ओलं होतं का? वाफ कमी पडली की टरफल नीट फुटत नाही, गर तुटतो. कापणारीचा हात कितीही चांगला असो. लाकूड खरंच ओलं निघालं. उरलेली बी पुन्हा वाफेला गेली, काकी पुन्हा टेबलावर. कोणी काही बोललं नाही, ओरडाही झाला नाही.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने एकदा 240चे डबे मागितले होते, एका डब्यात 11.34 किलो. माल तेवढा नव्हता. थोडे 320 मिसळा, कोण मोजतंय, असं त्यानेच सुचवलं. काकींनी ऑर्डर सोडली. तो व्यापारी पुन्हा आला नाही. दुसरे आले.

(दृश्य : लाल वही, नोटांची पाकिटं)

वहीत रोज तीनच गोष्टी: बी किती कापली, गर किती निघाला, मजुरी किती झाली. पाकिटं आठवडा बाजाराच्या आदल्या दिवशी वाटायची, कारण बायांना पैसे बाजाराला हवेत, बाजारानंतर नकोत. बँकेत कॅमेरा नेता आला नाही, म्हणून कर्जाचं एवढंच सांगतो की ते अजून फिटायचंय. आफ्रिकेतली बी आली, दर पडला, आसपासचे काही कारखाने बंद झाले. हा चालू आहे.

(दृश्य : अंगण, टेम्पो, काट्यापाशी तरुण बाई)

यंदापासून काट्यापाशी सून बसते. आलेला शेतकरी सवयीने काकींकडेच वळला.

"आज दर काय आसा, काकीनू?"

"सुनेक इचारा."

सुनेने तळातली बी काढली, कापली. डाग जास्त निघाले. तिने तीन रुपये कमी सांगितले. शेतकऱ्याने पुन्हा काकींकडे बघितलं. काकी सुतळीने दुसऱ्या गोणीचं तोंड शिवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. तो दोन रुपयांवर अडून बसला, सून तीनवर. शेवटी त्यानेच टेम्पोचं फळकूट पाडलं आणि गोण्या उतरवायला घेतल्या.