फोटो ‘काढणं’

(पडदा काळा. फक्त रस्त्याचे आवाज: रिक्षा, सायकलची घंटी, भंगारवाल्याची हाळी.)

पुण्यातल्या एका पेठेतली शाळा. तळमजल्यावर आठवीचा वर्ग. खिडक्यांना काळा कागद चिकटवलाय, दाराखालच्या फटीत जुन्या चादरी कोंबल्यात. आत तीसेक मुलं आहेत. त्यांतली निम्मी एकमेकांना चिमटे काढताहेत, हे अंधारातही ऐकू येतं.

“पाच मिनिटं गप्प बसा,” बाई म्हणतात. “डोळ्यांना सवय होऊ दे.”

एका खिडकीच्या कागदात बाईंनी पेन्सिल खुपसून भोक पाडलंय. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आधी काहीच नसतं. मग एक राखाडी डाग. मग त्या डागात हिरवं काहीतरी हलायला लागतं. ते झाड आहे हे कळायला आणखी वेळ जातो, कारण झाड उलटं आहे. आकाश खाली फरशीपाशी, रस्ता वर छतापाशी. आणि त्या रस्त्यावरून एक रिक्षा चाकं वर करून निघून जाते.

वर्गात जो ओरडा झाला, तो आम्हाला संकलनात कमी करावा लागलाय.

(भिंतीवरची उलटी प्रतिमा. तिच्यात हात घालून सावल्या पाडणारी मुलं.)

वाड्यात लहानपण गेलेल्यांना हा खेळ ठाऊक असेल. दुपारी दार लावून सक्तीनं झोपवलेलं असायचं, झोप काही यायची नाही. आणि दाराच्या फळीत एखादं भोक असलं की चौकातून जाणारं माणूस आतल्या भिंतीवर डोकं खाली करून चालताना दिसायचं. आमच्याकडे त्याला सरळ ‘सिनेमा’ म्हणायचे. त्यात जादू काही नाही. उजेड सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण भोकातून शिरून खाली उतरतो, बुंध्याकडून आलेला वर चढतो. अकराव्या शतकात कैरोमध्ये काम करणाऱ्या इब्न अल-हैथम यांनी अशा अंधाऱ्या खोलीतल्या प्रयोगांबद्दल लिहून ठेवलंय. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ या शब्दाचा अर्थच मुळी खोली. म्हणजे मुलांच्या हातात कॅमेरा देण्याआधी बाईंनी मुलांनाच कॅमेऱ्यात बसवलं.

मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “बाई, भोक मोठं केलं तर?”

बाई बोटानं कागद फाडतात. चित्र एकदम उजळतं. आणि पुसट होतं. झाडाची पानं एकमेकांत विरघळतात. उजेड हवा की रेखीवपणा, या सौद्यातून फोटोवाल्याची कधीच सुटका नसते. मग बाई त्या भोकापुढे एक भिंग धरतात, पांढरा पुठ्ठा मागेपुढे सरकवतात, आणि एका ठराविक अंतरावर रिक्षाची नंबरप्लेट वाचता येते. उलटी, पण वाचता येते.

(फळा. खडूचा आवाज.)

खरं सांगायचं तर इथे आलो तेव्हा आमच्या डोक्यात या माहितीपटाचं नाव होतं ‘छायाचित्रण कलेची ओळख’. अगदी सरकारी. दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि आम्ही आमचं शीर्षक गुपचूप खोडलं.

फळ्यावर लिहिलं होतं: फोटो काढणे.

आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो. फोटोही काढतो. पण पायातला काटाही काढतो, आणि तांदळातले खडेही काढतो. “तर मग,” बाई विचारतात, “फोटो काढणं यातलं कुठलं? रांगोळीसारखं की खड्यांसारखं?”

हात वर करून मतदान झालं. रांगोळी प्रचंड बहुमतानं निवडून आली. बाई निकालावर काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी प्रत्येकाला काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला, मधोमध सहा बाय चारची खिडकी कापलेला. सेंटीमीटर हं, इंच नाही. “उद्या मंडईत जायचंय. फोन घरी ठेवा.”

(महात्मा फुले मंडई. सकाळ. उंच खिडक्यांतून तिरपा उजेड.)

१८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेली ही दगडी इमारत. तिचा अष्टकोनी मनोरा पुण्यातल्या प्रत्येक नवशिक्या फोटोवाल्यानं एकदा तरी खालून वर असा तिरका टिपलेला असतो; आमच्याकडेही आहे. बाईंना मनोऱ्यात रस नाही. त्या मुलांना थेट आत नेतात.

एक डोळा मिटायचा, पुठ्ठ्याची खिडकी दुसऱ्या डोळ्यापुढे धरायची. डोळ्याजवळ आणली तर अख्खी रांग दिसते. हात लांब केला तर एकच गाळा. एवढंच साधन.

“काय मोजताय रे?” भाजीवाल्या मावशी विचारतात. मुलांना उत्तर सुचत नाही.

पहिली दहा मिनिटं मुलांना सगळंच हवं असतं. वांग्यांचे ढीग, मावशी, लोंबणारा दिवा, मागचं कॅलेंडर, पिशव्यांचा झुबका, पलीकडून डोकावणारा मित्र. मग एक मुलगी एक पाऊल पुढे जाते. मित्र गेला. आणखी एक पाऊल, आणि किंचित डावीकडे. कॅलेंडर गेलं. ती खाली वाकते, पिशव्या गेल्या. आता तिच्या खिडकीत फक्त तराजूचं एक पारडं उरलंय, त्यात चार वांगी, आणि पारड्याकडे येणारा, पाचवं वांगं धरलेला हात. ती तशीच थांबते. तो हात पुन्हा येईपर्यंत थांबते. पुन्हा येतो तेव्हा नुसती मान हलवते, कारण ‘क्लिक’ करायला तिच्याकडे काहीच नाहीये.

चाळीस मिनिटं हे चाललं. शेवटी प्रत्येकानं वहीत एक चौकट आखली आणि आपल्याला दिसलेलं पेन्सिलनं उतरवलं. मुलं कुरकुरली. मंडईत येऊन एक फोटो नाही म्हणजे काय?

आम्हीही थोडे कुरकुरलो. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करा, मुख्य वस्तू रेघांच्या छेदावर ठेवा, हे प्रत्येक शिकवणीत पहिल्याच तासाला सांगतात. बाईंनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. गंमत म्हणजे त्या मुलीच्या वहीतलं पारडं बरोब्बर कडेला होतं आणि हाताला आत यायला मोकळी जागा होती.

(शाळेची गच्ची. ऊन. पाण्याची बादली.)

‘फोटोग्राफी’ हा शब्द ग्रीक मुळांपासून बनलेला, उजेडानं केलेलं लेखन अशा अर्थाचा. १८३९मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं तो रूढ केला. मराठीनं मात्र त्याला म्हटलं छायाचित्र. तिकडे उजेडाची बाजू घेतली, आपण सावलीची. दोन्ही बरोबर आहेत हे गच्चीवर समजतं.

याच हर्शेलनं १८४२मध्ये लोखंडाच्या क्षारांची एक साधी रीत शोधली, सायनोटाइप. दोन रसायनांचं पाणी कागदाला मंद उजेडात लावायचं आणि अंधारात वाळवायचं. मग त्यावर पान, किल्ली, बांगडी, जे हवं ते ठेवून उन्हात न्यायचं. ऊन लागलेला भाग बदलतो, सावलीतला तसाच राहतो. पाण्यात खळबळलं की सावलीतलं रसायन धुऊन जातं, कागद पांढरा उरतो, बाकी सगळं गर्द निळं. वास्तुविशारदांचे निळे नकाशे, आपण ज्याला ब्ल्यूप्रिंट म्हणतो, ते याच रीतीचे. आणि १८४३पासून ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळांच्या अशाच निळ्या छापांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्यात कॅमेरा कुठेच नाही.

(बादलीत कागद. पिवळट-हिरवा रंग ओसरून निळा उमटतो.)

कुणी पिंपळाचं पान आणलं होतं, कुणी जाळीदार गाळणं. एकानं आपला तळवा ठेवला आणि दहा मिनिटं न हलता उन्हात बसला. म्हणजे त्याच्या मते न हलता. निळ्या कागदावर त्याला सात-आठ बोटं आली.

हसं झालं त्याचं. पण मग बाईंनी १८३८चा एक फोटो दाखवला. लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा वरच्या खिडकीतून काढलेला. रस्ता ओसाड. गाड्या नाहीत, माणसं नाहीत. काही मिनिटं उजेड आत घ्यावा लागला, तेवढ्यात जे जे हललं ते पुसलं गेलं. कोपऱ्यात एकच माणूस उरलाय, बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय पुढे करून उभा राहिलेला. फोटोत आलेला तो पहिला माणूस असं मानतात. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आदल्या रविवारी असा फोटो काढला, तर बहुधा दारात बसलेला राखणदार तेवढा उरेल.

यंत्रानं काढलेल्या चित्राला कला म्हणायचं का, हा वाद तेव्हापासूनचा. १८५९मध्ये फ्रेंच कवी बोदलेर यांनी फोटोला कलेची मोलकरीण होऊन राहायला बजावलं होतं. आपल्याकडे त्याआधीच, १८५४मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि एल्फिन्स्टन संस्थेत विद्यार्थ्यांसाठी छायाचित्रणाचा वर्गही निघाला होता. वाद तिकडे चालू द्यावा आणि इकडे वर्ग भरवावा, हे आपल्याला बरं जमलं.

(कसबा पेठ. तांबट आळी. ठोक्यांचा आवाज आधी, दृश्य नंतर.)

आता, पाचव्या दिवशी, हातात कॅमेरे. शाळेचे तीन जुने डिजिटल, आणि बाकीच्यांना पालकांचे फोन.

तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडतात. हंडे, घागरी, पूर्वी अंघोळीच्या पाण्याचे बंबही. घडवलेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं ठोक्याला ठोका लावत ओळीनं खळगे उठवायचे, याला मठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा कडक होतो आणि भांडं झळाळतं. एक ठोका चुकला तर सगळ्या ओळीत दिसतो.

काकांना आधी विचारायचं, हा बाईंचा नियम. “काढा की,” काका म्हणाले, “पण हात थांबवणार नाही.”

इथे खरी पंचाईत झाली. हातोडी पकडायची तर शटर वेगवान हवं, म्हणजे उजेड सेकंदाचा पाचशेवा भागच आत यायला हवा. एका मुलानं तसं लावलं. फोटो काळाकुट्ट, कारण दुकानात उजेड दाराइतकाच. त्यानं शटर सेकंदाच्या आठव्या भागावर आणलं. उजेड साठपट वाढला, पण आता हातात धरून चालेना, कॅमेरा हलायला लागला. तिपाई नव्हती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, एक पालथी घागर शोधली, तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि श्वास रोखला.

(तो फोटो. पडद्यावर पूर्ण दहा सेकंद. आवाज बंद.)

हंड्याची कड सुरीसारखी स्पष्ट आहे. प्रत्येक खळगा मोजता येतो. हातोडी नाही. हाताच्या जागी धुकं आहे, आणि त्या धुक्यात तांब्याचा लालसर उजेड.

वर्गात परत आल्यावर यावर अर्धा तास भांडण झालं. एक गट म्हणे हलला, म्हणजे बिघडला. दुसरा म्हणे आवाज दिसतोय. बाईंनी भांडणात पडायचं टाळून ज्युलिया मार्गारेट कॅमरन यांचे काही फोटो भिंतीवर लावले. कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीनं कॅमेरा भेट दिला. त्यांच्या पुसट चेहऱ्यांना तेव्हाचे जाणकार ‘फोकस जमत नाही’ म्हणून हसले. आज तेच फोटो मोठ्या संग्रहालयांत आहेत. तरीही पहिला गट बधला नाही, आणि मला वाटतं त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. सगळंच हललेलं चांगलं म्हणायला लागलो, तर माझ्या लग्नाचा अख्खा अल्बम कलादालनात लावावा लागेल.

(तांबट आळी. आठवड्यानंतर. मुलाच्या हातात छापील प्रत.)

काकांनी हात पुसला, प्रत दाराच्या उजेडाकडे धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नखानं एका ओळीवर टेकवून म्हणाले, “हा तिसरा ठोका जरा जोरात बसलाय.”

मुलगा गप्प.

“बाकी ब्येस आहे. पण माझं तोंड कुठंय?”

“काढलं, काका.”

“कुठं काढलंस? दिसत नाही ते.”

“म्हणजे... काढून टाकलं.”

काका त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की शेजारच्या दुकानातले ठोके थांबले. “आता एक तोंडाचा काढ. घरी दाखवायला.”

मुलानं कॅमेरा लगेच वर केला नाही. तो खाली बसला आणि काकांचा पाट हळूहळू दाराकडे सरकवायला लागला.

(पाट फरशीवर घासल्याचा आवाज. पडदा काळा.)