टेंडर व्होटचं पाकीट

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'निवडणूक सुधारणा आणि मुंबई महापालिका'. तिकडे येतोच. आधी सांगा, टेंडर व्होट किती जणांनी ऐकलंय? पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर उमेदवाराचा माणूस म्हणून बसलेल्यांनी हात वर करू नका, ती कॉपी झाली.

माझी मावशी. दुपारची जेवणं आवरून केंद्रावर गेली. सकाळी जायला हवं होतं, मान्य, पण आमच्याकडे लोकशाहीच्या आधी आमटी होते. टेबलावरच्या साहेबांनी यादीत बोट फिरवलं, म्हणाले, "आजी, तुमचं मतदान झालंय." मावशीनं दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. "शाई दाखवा, लगेच घरी जाते." मागून रांग ओरडायला लागली, साहेब म्हणतात आता काही होत नाही, मावशी म्हणते मी बसते, आणि बसली की हो बाकड्यावर! मला निरोप आला, मी धावत गेलो, केंद्राध्यक्षांना म्हटलं नियम 49पी काढा, आपल्या नावावर दुसऱ्यानंच मत टाकलं असेल तर काय करायचं, त्याचा तो नियम. बिचारे पहाटेपासून उठलेले, पुस्तिका उघडली, वाचलं, आणि मग मावशीला चक्क कागदी मतपत्रिका मिळाली, हेच टेंडर व्होट. शिक्का मारला, घडी घातली, वेगळ्या पाकिटात गेली. मावशी खूश, सगळ्या मजल्यांवर सांगून आली.

तिला मी पुढचं सांगितलंच नाही. ते पाकीट मोजणीच्या दिवशी उघडतच नाहीत! तोतयाचं मत मशीनमध्ये, ते मोजलं जातं. खऱ्या बाईचं पाकिटात, ते कोर्टानं सांगितलं तरच. त्यासाठी निकालापासून 45 दिवसांत याचिका. आणि एजंटनं तोतयावर जागेवरच आक्षेप घ्यायचा तर अनामत किती? 2 रुपये. यात कटिंगसुद्धा येत नाही, तरी कुणी घेत नाही.

तुम्ही म्हणाल एका मतानं काय होतं. अहो, आपण गोरेगावात बसलोय! 2024 च्या लोकसभेला याच मतदारसंघात, वायव्य मुंबईत, रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले. हरलेले अमोल कीर्तिकर हायकोर्टात गेले, त्यात टेंडर मतांचाही मुद्दा होता, डिसेंबरात याचिका फेटाळली. निकाल बरोबर की चूक हे मी बोलत नाही, इथे दोन्हीकडचे बसलेत आणि चहा व्हायचाय. माझं म्हणणं एवढंच, टेंडर मतं फरकापेक्षा जास्त निघाली तर पाकिटं आपोआप उघडावीत, उमेदवारानं कोर्टात जायची वाट कशाला? खोटं मत वजा कसं करणार, हा प्रश्न खरा आहे. मशीनमधून ते वेगळं काढता येत नाही, मग त्या केंद्रावर फेरमतदान घ्या.

पाच मिनिटं? बरं. महापालिका. मार्च 2022 ला मुदत संपली, नंतर कित्येक वर्षं प्रशासक होता, 227 वॉर्ड आणि नगरसेवक एकही नव्हता, गटार तुंबलं तर फोन कुणाला करायचा होता? निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच तोडून वॉर्डात वाटतात, म्हणजे तिथली चूक इथेही येते. शिफ्ट झालात तर फॉर्म 8 भरा, नवीन नावाला फॉर्म 6, मेलेल्याचं नाव काढायला 7. क्षेत्रसभा, म्हणजे वॉर्डातल्या एकेका भागातल्या मतदारांची सभा, कायद्यात आहे, तुमच्यापैकी कुणी बसलंय का एकीत? नाही ना. त्यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं, पण ते बघा, माईकवाले केबल गुंडाळायला लागले.