ऊन डोक्यावर, पंखा बंद

नमस्कार श्रोतेहो. गेल्या वर्षी गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं. सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान खात्यात जमा झालं, बिल खाली आलं, आणि मी गल्लीतनं जरा छाती काढून फिरायला लागलो. ती छाती आत कशी गेली, ते सांगतो.

मे महिना. शनिवारी रात्री वळवानं झोडपलं, कुठंतरी झाड तारांवर पडलं, लाईट गेली. सकाळी मात्र असं ऊन, की गच्चीवर पाय ठेववेना. अकराच्या सुमाराला शेजारच्या काकू दारात. हातात पातेलं, त्यात भाजलेलं खोबरं, कांदा, तीळ, खसखस. रविवार म्हणजे मटण, हे काय कोल्हापूरकरांना सांगायचं? "भाऊजी, तुमच्यात सोलर हाय न्हवं? एवढं वाटण फिरवून घेते."

"या की!" म्हणत मी ऐटीत मिक्सरचं बटण दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म. तोवर मोबाईलचे चार्जर घेऊन दोन पोरं हजर. समोरचे आजोबा गच्चीकडं बघत म्हणाले, "एवढं ऊन, एवढ्या काचा, आणि पंखा बंद? मग हे काय पापड वाळवायला बसवलंय व्हय?"

शेवटी मागच्या दारचा पाटा-वरवंटा त्याच पोरांनी उचलून काकूंकडं नेला. खरं सांगू, पाट्यावरच्या वाटणाच्या तांबड्या रश्श्याची चव मिक्सरला सात जन्मांत येणार नाही. हल्लीच्या फ्लॅटांत पाट्याला जागाच ठेवत नाहीत. बिल्डरांना मटण आवडत नसावं. असो.

तर बिघाड काहीच नव्हता. घरोघरचं साधं सोलर लाईनला जोडलेलं असतं. लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, मुद्दाम बंद पडतो. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी जाऊन खांबावरच्या वायरमनला झटका बसायचा. पुन्हा सांगतो, लाईन गेली की साधं सोलरही जातं. मला हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुम्ही विचारा.

यावर इलाज म्हणजे बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर, म्हणजे लाईन गेली तरी घर तिच्यापासून तोडून पॅनेल-बॅटरीवर चालवणारा. माझ्या मते सोलरची पुढची मजल तिथंच आहे. पॅनेलनं आपलं काम चोख केलंय. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल दाखवला, तो उन्हातल्या शंभर भागांपैकी सहा भागांचीच वीज करायचा. आजचं पॅनेल वीस-बावीस भागांची करतं. सिलिकॉनवर पेरोव्स्काईट नावाच्या दुसऱ्या पदार्थाचा थर चढवून प्रयोगशाळेत तिशी ओलांडलीय. पण संध्याकाळी सातला, घरोघर दिवे लागतात तेव्हा, सगळ्यांचं उत्पादन शून्य! दुपारची वीज रात्रीला पुरवायची तर साठवण हवी, साठवण. लिथियम बॅटरी पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त झालीय, सोडियमचीही येतेय.

दिवाळीत मी बॅटरी घेतली. परवा लाईट गेली, आमचा मिक्सर चालू. काकूंना हाक मारली, पण त्या काही आल्या नाहीत. पाटा अजून त्यांच्याकडंच आहे.