जुनं तेच घेतलं

नमस्कार, श्रोतेहो. घरात प्लग सॉकेटमध्ये बसला नाही की लगेच कळतं. सॉफ्टवेअरची पंचाईत अशी की तिथे न जुळणारा प्लगही गुपचूप आत जातो.

तारीख ४ जून १९९६, ठिकाण फ्रेंच गयानातलं कुरू. एरियान-५ हे नवंकोरं रॉकेट पहिल्यांदा उडणार, पोटात चार क्लस्टर उपग्रह. रॉकेट कुठे चाललंय, किती कललंय हे सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर मात्र एरियान-४ वरून उचललेलं. तिथे ते बिनतक्रार चाललं होतं ना, मग घ्या! त्यात उड्डाणापूर्वी दिशा जुळवण्याचा एक हिशोब होता. जमीन सुटल्यावर एरियान-५ ला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी तो चालूच राहिला.

आता ऐका. नवं रॉकेट आडव्या दिशेने जुन्याच्या पाचपट झपाट्याने वेग घेत होतं. त्या वेगाशी निगडित आकडा सोळा बिटांच्या खणात बसवायचा होता आणि त्या खणात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. आकडा मावला नाही, यंत्रणेने हात टेकले. राखीव यंत्रणा? ती त्याच कारणाने आधीच्याच फेरीत आडवी झालेली, आणि एक फेरी ७२ मिलिसेकंदांची! तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या डब्यात भरून ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ म्हणणाऱ्यांचं मला कायम नवल वाटतं. एकाच वहीतून नक्कल केलेल्या दोन उत्तरपत्रिका त्या. पण ते असो.

खरी गंमत पुढे आहे. बंद पडताना यंत्रणेने आपल्या बिघाडाची माहिती पाठवली. मुख्य संगणकाने ती उड्डाणाची माहिती म्हणून वाचली! रॉकेट सरळ चाललेलं, आणि ह्याला वाटलं ते कललंय. त्याने नॉझल, म्हणजे झोत बाहेर सोडणारी तोंडं, पार टोकापर्यंत वळवले. रॉकेट खरंच कललं, मोडू लागलं आणि स्वतःला उडवून मोकळं झालं. सगळा खेळ चाळीसेक सेकंदांचा.

एकाने पाठवलं, दुसऱ्याला ते घेता येत नव्हतं. पुन्हा सांगतो: एकाने पाठवलं, दुसऱ्याला ते घेता येत नव्हतं. लुका डी अल्फारो आणि थॉमस हेन्झिंगर या संगणकशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडलेले ‘इंटरफेस ऑटोमेटा’ नेमकी हीच अवस्था शोधतात. प्रत्येक घटक कोणत्या टप्प्यावर कोणता संदेश घेतो, कोणता देतो, याचा नकाशा काढायचा. दोन नकाशे जोडायचे. अशी अडचणीची अवस्था टाळता येईल असा एक जरी भोवताल, म्हणजे जोडीशी बाहेरून संदेशांची देवघेव करणारं जग, सापडला, तरी जोडी जुळली म्हणायची. लिंच आणि टटल यांच्या १९८७ च्या पद्धतीत घटकाने प्रत्येक संदेश केव्हाही घेतलाच पाहिजे, अशी अट होती. मला ती फार ताठर वाटते.

आणि जुन्याच्या जागी नवा घटक घालताना? जुना जे घेत होता ते सगळं नव्याने घ्यायचं, जास्त घेतलं तरी चालेल. जुना देत नव्हता ते मात्र द्यायचं नाही. घ्यावं जास्त, द्यावं कमी. यालाच ‘रिफाइनमेंट’ म्हणतात. आकड्यांच्या मर्यादा या साध्या नकाशात येत नाहीत, त्या वेगळ्या लिहाव्या लागतात. एरियानच्या त्या यंत्रणेकडून काय हवं, हे लिहिलेल्या कागदांत नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडेच नव्हते.

क्लस्टर उपग्रह पुन्हा बांधले गेले, पहिला तर उरल्यासुरल्या सुट्या भागांतून. २००० साली चारही वर पोचले. या वेळी सोयुझ रॉकेटवरून.