बाई, माझं शून्य आलं

नमस्कार. मला विषय दिलाय मुलांचं संवादकौशल्य, पण मी गणित शिकवते, त्यामुळे वक्तृत्व स्पर्धेबद्दल मी काही बोलणार नाहीये. पाठ केलेलं भाषण हातवारे करून म्हणणं वेगळं आणि शेजारच्या बाकावरच्याला एखादी गोष्ट समजावून सांगणं वेगळं, आणि हे दुसरं शिकवायला गणिताइतका चांगला विषय नाही असं मला मनापासून वाटतं, कारण समोरच्याला कळलंय की नाही ते त्याच्या वहीत लगेच दिसतं.

आठवीच्या वर्गात दर शनिवारी मी एकाला दहा मिनिटं देते. एकच कल्पना घ्यायची आणि वर्गाला समजावायची. एकदा एका मुलीने गणितज्ञ कापरेकरांचा 6174 हा आकडा घेतला. द. रा. कापरेकर आपल्या देवळालीचे, म्हणजे जन्म डहाणूचा, 1905 चा, पण 1930 ते 1962 देवळालीला शाळेत शिक्षक होते. ही गंमत त्यांना सापडली 1949 मध्ये, आणि 1975 मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा नाव जगभर झालं. शाळेत खडू धरणाऱ्या माणसाचं हे काम आहे, म्हणून मला ते मुलांच्या तोंडून ऐकायला फार आवडतं.

तर तिने फळ्यावर 3524 घेतला. अंक उतरत्या क्रमाने 5432, चढत्या क्रमाने 2345, वजाबाकी 3087. परत तेच, 8730 वजा 0378, आले 8352. परत, 8532 वजा 2358, आले 6174, आणि इथून पुढे कितीही वेळा करा, 6174 च येतो. मग म्हणाली, आता तुम्ही कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारी अंक सारखे नकोत, जास्तीत जास्त सात वेळात 6174 येणार म्हणजे येणार. सगळे वहीत घुसले. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, माझं शून्य आलं.

त्याने 2111 घेतला होता. ती फळ्यापासूनच म्हणाली, तुझी वजाबाकी चुकली असेल, परत कर. त्याने परत केली, परत शून्य. आता सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय, तीही बघतेय, आणि मला कारण माहितीये, जिभेवर आलंय, पण मी बोलले नाही. तुम्हा शिक्षकांना सांगते, ही दोन मिनिटं गप्प बसणं फार अवघड जातं, पण बसाच.

मग ती खडू ठेवून त्याच्या बाकापाशी गेली आणि त्याची वही वाचायला लागली. वर्षभर मी ज्याची वाट बघते ते हेच, मूल फळा सोडून समोरच्याच्या वहीत डोकावतं. 2111 वजा 1112, त्याने लिहिलं होतं 999. मग 999 वजा 999, शून्य. त्याचं चुकलं कुठे? कुठेच नाही, तिने सांगितलं तसंच त्याने केलं होतं. ती वळून फळ्याकडे बघत राहिली, तिथे तिच्याच हातचा 0378 होता, पुढचं शून्य तिने लिहिलं होतं पण बोलली नव्हती. म्हणाली, अरे थांब, घरं चारच ठेवायची, एखाद्या घरात शून्य बसलं तर त्याला उठवायचं नाही. त्याने 0999 लिहिलं. 9990 वजा 0999, 8991. मग 8082, मग 8532, आणि 6174 आल्यावर तो बाकावरून उठूनच उभा राहिला.

आपल्याला एखादी गोष्ट पक्की येत असते ना, तेव्हाच त्यातलं काय न बोलता राहून गेलंय ते आपल्याला दिसत नाही. ते ऐकणाराच दाखवतो. म्हणून मी मार्क आवाजाला देत नाही, इंग्रजी शब्दांना तर नाहीच, एखाद्याने अहिराणीत समजावलं तरी मला चालतं, मी शेवटी चार जणांच्या वह्या मागते, बस.

त्याच तासाला कुणीतरी विचारलं, पण 6174 च का? ती म्हणाली, मला नाही माहीत, पुढच्या शनिवारी सांगते. आणि आठवड्याने तिने एवढं आणलं की वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं, 5432 मध्ये बाहेरच्या अंकांचा फरक 3 आणि मधल्यांचा 1, म्हणून तीन वेळा 999 आणि एक वेळा 90, बेरीज 3087. पुरतं उत्तर नाही झालं, पण तिने स्वतः शोधलेलं होतं.

नंतर मी तिला दुसऱ्या तुकडीवर पाठवलं. मी दारात उभी होते. तिने आधी फळ्यावर चार रिकामे चौकोन काढले, आणि पहिलंच वाक्य बोलली, 2111 कोण घेणार?