दहा वाजता माईक बंद, राहिलेलं गाणं कुठं जातं? | यात्रांचा सीझन आणि पुढची कामं

नमस्कार, कसे आहात सगळे. बरेच दिवस व्हिडिओ आला नाही कारण पाडव्यापासून आम्ही जवळपास रोज टेम्पोतच होतो, धायरीला घरी यायचं, झोपायचं, कपडे धुवायला टाकायचे आणि परत निघायचं असं चाललेलं. आवाज अजून बसलेला आहे, ऐकू येतच असेल, गरम पाणी आणि ज्येष्ठमध चालू आहे.

खूप जणांनी विचारलं की दादा कुठं कुठं प्रोग्राम झाले आणि नवीन काय येतंय. सांगतो सगळं, पण यावेळी एका कार्यक्रमात असं काहीतरी झालं की पुढचं सगळं प्लॅनिंगच बदललं, त्यामुळे ते जरा सावकाश सांगणार आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमची आठ जणांची पार्टी आहे, शाहिरी आणि गोंधळ दोन्ही करतो, आमचे आप्पा संबळ वाजवतात, मी गातो आणि डफ धरतो, मागे झिलकरी, म्हणजे साथीला सूर धरणारे. चैत्र-वैशाख म्हणजे गावोगावच्या यात्रांचे दिवस. पाडव्याच्या आसपास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावचे पंच तिथं येऊन सुपाऱ्या ठरवतात, हे पुणे जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको. आम्ही तमाशावाले नाही, आमची राहुटी नसते, पण व्यवहार तोच, इसार, म्हणजे आगाऊ पैसे, आला की तारीख पक्की, नाहीतर नुसता फोन.

जुन्नर-खेडकडं यावेळी बऱ्याच यात्रा केल्या. एका गावात स्टेज म्हणजे दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून त्यावर सतरंजी, आणि संध्याकाळी पाचला वळीव असा कोसळला की विचारू नका. पाऊस थांबला, लोक जमले, मी डफावर थाप मारली तर नुसता भद्द आवाज. कातडं दमट हवेत सैल पडतं ना.

[डफ हातात घेऊन]

हे बघा, हे इथं, कडेला बोट फिरवलं तरी कळतं, ताणलेलं असलं की बोट सरकतं आणि सैल असलं की चिकटल्यासारखं होतं. मग स्टेजच्या मागे पेपर पेटवायचा, एकदम जवळ नाही, वीतभर लांब, आणि डफ फिरवत राहायचा, एका जागी धरला तर कातडं करपतं. मध्येमध्ये बोटानं वाजवून बघायचं. भद्द, भद्द, मग हळूहळू आवाज वर चढायला लागतो आणि एका क्षणी टण्ण होतं, तेव्हा लगेच उचलायचा आणि गणाला, म्हणजे सुरुवातीच्या गणपतीच्या स्तवनाला, सुरुवात करायची, कारण तो ताण अर्धा-पाऊण तासच टिकतो. त्या रात्री आम्ही चार वेळा डफ शेकला, लोक थांबले, कोणी उठलं नाही, आणि पोवाडा पूर्ण झाला. मध्ये बक्षिसं येत होती, कोणाचे शंभर, कोणाचे पाचशे, प्रत्येकाचं नाव गाणं थांबवून पुकारायचं आणि परत तिथूनच उचलायचं. शहरातल्या लोकांना वाटतं ह्यानं गाणं तुटतं. मला तर उलट दम खायला मिळतो, आणि ज्याचं नाव घेतलं तो पुढचा तासभर जागचा हलत नाही.

१४ एप्रिलला भीमजयंतीला येरवड्यात होतो. तिथं वामनदादा कर्डकांची गाणी म्हणायची म्हणजे वेगळीच जबाबदारी, कारण समोरच्या बायकांना शब्द माझ्यापेक्षा पाठ, एक शब्द इकडचा तिकडे झाला की खालून दुरुस्ती येते. वामनदादांना जाऊन आता वीस वर्षांवर झाली, २००४ ला गेले, आणि अजूनही लोक असे पहारा देऊन ती गाणी सांभाळतात. मला हे फार भारी वाटतं.

कॉलेजचे दोन कार्यक्रम झाले, वीस-वीस मिनिटांचे. पोरं नाचली, व्हिडिओ सगळीकडं फिरले, ते तुम्ही पाहिलेच असतील.

आता ती गोष्ट. बाणेरला एका सोसायटीत लग्नानंतरचा गोंधळ होता. खाली पार्किंगच्या मोकळ्या जागेत मांडव. चौक मांडला, चौरंगावर नवं कापड, गहू, कलश, विड्याची पानं, वर पाच ऊस उभे बांधलेले, सगळं व्यवस्थित. पण फोटोसेशन लांबलं आणि आम्ही सुरू केलं पावणेनऊला. आता नियम सगळ्यांना माहिती आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत ते, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, ती गणपती-नवरात्रासारख्या दिवसांना जाते, एखाद्या घरच्या गोंधळाला नाही. आणि नियम बरोबरच आहे, वरच्या मजल्यावर कोणाचं बाळ झोपलेलं असतं. माझी तक्रार त्याबद्दल नाहीये.

अडचण अशी की गोंधळ मुळात रात्रभराचा विधी. आधी गण, मग देवांना आवाहन, मग आख्यान, आणि शेवटी आरती. आवाहन म्हणजे एकेका देवाला त्याच्या ठिकाणाचं नाव घेऊन बोलवायचं, जेजुरी, तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, वणीची सप्तशृंगी, आणि ही मोठी ठाणी झाली की मग त्या घराचं कुलदैवत, सासरचं, माहेरचं, गावच्या वेशीवरची, शेताच्या बांधावरची. ज्याचं नाव घेतलं नाही तो आला नाही, असा साधा हिशोब आहे. त्यामुळे आवाहन लांबतंच. ते घाईत उरकायचं म्हणजे लग्नपत्रिका वाटताना अर्धी भावकी सोडून देण्यासारखं आहे.

पावणेदहाला आप्पा मोठ्या ठाण्यांवरच होते. सोसायटीचे एक काका अगदी नम्रपणे येऊन घड्याळ दाखवून गेले. मी आप्पांना डोळ्यांनी खूण केली. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि संबळाची लय वाढवून सरळ आरतीवर आले. दहाला पाच कमी असताना सगळं आटोपलं, टाळ्या झाल्या, जेवणं सुरू झाली.

मग दिवटीवर, म्हणजे गोंधळाच्या मशालीवर, तेल घालायला एक आजी आल्या. नवऱ्या मुलीच्या आजी, बार्शीकडच्या. तेल घातलं, नमस्कार केला आणि मला हळूच म्हणाल्या, "बाळा, आमच्या गावच्या आईला नाही का रे बोलावलं?"

मला काही बोलताच येईना. यादी माझ्या खिशात होती हो. आठ दिवस आधी फोन करून मीच घेतली होती, त्यात त्यांच्या गावच्या देवीचं नाव होतं, खालून तिसरं.

आप्पांनी ऐकलं. त्यांनी विचारलं, आजी, गाव कुठलं, वाट कशी आहे देवळाची, झाड कुठलं आहे समोर. आजी सांगायला लागल्या, ओढा आहे, चिंच आहे. आणि आप्पांनी माझ्याकडून तुणतुणं घेतलं, माईक नाही, संबळ नाही, लिफ्टशेजारी गाड्या लावतात तिथं उभं राहून त्या देवीला ओढा ओलांडून, चिंचेखालून बोलावलं. मग राहिलेली सगळी नावं घेतली. दहा-पंधरा माणसं गोळा झाली, जेवणाची ताटं हातात, वॉचमन पण येऊन उभे राहिले. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. त्या आजी हात जोडून उभ्या होत्या तशाच.

परत येताना टेम्पोत कोणीच काही बोललं नाही. मी विचार करत होतो की गेली आठ-दहा वर्षं मी काय काय कापत आलोय. सगळ्यात आधी आवाहन. पोवाड्यातही तेच. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा घ्या, १६७० च्या लढाईचा, अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्रामांनी १८९१ ला जे पोवाडे छापले त्यात तो आहे. त्यात लढाई यायला किती वेळ लागतो माहितीये? आधी जिजाऊ आणि महाराजांचा सोंगट्यांचा डाव आहे, मग रायबाचं लग्न, त्याचं आमंत्रण, जिजाऊ मावळ्यांना ओवाळतात. मी सहा मिनिटांत काय गातो, तर थेट गड चढणं आणि तलवार. आई डाव मांडून मुलाकडं गड मागते हे मी एकदाही स्टेजवर गायलेलं नाही, आणि माझ्या घराच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो.

तर नवीन काय येतंय ते आता ऐका. नव्या गाण्यांचा जो अल्बम ठरला होता तो पुढं ढकललाय. आधी तुळशीदासाचा पूर्ण पोवाडा रेकॉर्ड करतोय, एकही चौक, म्हणजे पोवाड्यातलं कडवं, न सोडता. पाठांतर चालू आहे, काही जुने शब्द अडतात, ते जाणकारांना विचारून घेतोय. स्टुडिओत पहिल्या दिवशीच गाडी अडली, कारण तिथं क्लिक, म्हणजे कानात ठरलेल्या लयीची टकटक, लावून प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवतात. पोवाड्यात ते जमतच नाही. शाहीर मध्येच थांबतो, गद्यात बोलतो, परत चढतो, आणि झिलकऱ्यांनी त्याच्या तोंडाकडं बघून शेवटचा शब्द झेलून 'जी जी' उचलायचं असतं. काचेपलीकडून कसा झेलणार? आता सगळे एका खोलीत बसतोय, चुकलं तर पूर्ण चौक परत.

दुसरं काम दिवाळीनंतर. आमच्या गावच्या वाड्याच्या अंगणात पूर्ण रात्रीचा गोंधळ, स्पीकर नाही, फक्त रेकॉर्डिंगचे माईक, आप्पा संबळावर. त्यांचे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही फार वेळ, म्हणून हे पुढच्या वर्षावर टाकायचं नाही असं मी ठरवलंय.

आणि मुळशीला माझी मावशी आहे, तिच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्यात. ह्या कामाची वाट पुण्यातच गी पॉइतेव्हाँ आणि हेमा राईरकरांनी घालून दिली आहे, त्यांच्या प्रकल्पात लाखावर ओव्या गोळा झाल्या, त्यातल्या कितीतरी मुळशीच्याच. मावशी म्हणते जातं फिरल्याशिवाय आठवत नाही, म्हणून आधी जातं टाकवून, म्हणजे त्याच्या दगडाला टाके घालून, घेतोय, माळ्यावर पडून होतं.

तुमच्याकडून एक हवंय. अंगणातल्या गोंधळाला आवाहनाची यादी करतोय, बार्शीच्या त्या आजींच्या गावापासून सुरू केली आहे. तुमच्या गावच्या देवाचं नाव खाली लिहा, गाव आणि तालुक्यासकट. नुसतं 'देवी' लिहू नका, देवी प्रत्येक गावात असते, तुमच्या घरात तिला काय म्हणून हाक मारतात ते लिहा, आणि माहीत नसेल तर आजीला फोन करून विचारा, समोर झाड कुठलं आहे तेही विचारून घ्या.